पापणीतलं मीठ

माझ्या उभ्या आयुष्यात माझा सगळ्यात मनापासून द्वेष कुणी केला असेल, तर तो एका मिठागरावरच्या विधवेनं. इतरांनीही केला, नाही असं नाही. पण तो भिडस्तपणे, पाठीमागे, तोंडावर नमस्कार घालून. हिनं पहिल्याच भेटीत माझ्या पागोट्यापासून वहाणांपर्यंत एकेका वस्तूचा उद्धार केला, आणि मग मधे उरलेल्या माझ्याकडे वळली. मला ती बाई फार आवडली. कल्याणला तळ्याच्या काठी संध्याकाळी आमची मंडळी जमते, तेव्हा मी अजून तिचीच गोष्ट काढतो. मंडळी म्हणतात, "पुरे हो, ऐकली आहे." मग मी तिच्या आवाजात दोन शिव्या देऊन दाखवतो, आणि सगळे पुढे सरकून बसतात.

त्या काळी मी ठाण्याच्या सरकारी इस्पितळात साहेबाच्या हाताखाली होतो. साहेब म्हणजे गोरा सर्जन. त्याला इथली हवा आवडत नसे, डास आवडत नसत, रोगी आवडत नसत आणि मी तर मुळीच आवडत नसे. रोगी काय बोलतो ते त्याला समजावून सांगायचं आणि साहेब काय बोलतो ते रोग्याला, हे माझं मुख्य काम. दोघंही आपापल्या भाषेत मलाच ओरडत.

एके सकाळी ही बाई आली. पन्नाशीच्या आसपासची, गुडघ्यावर कासोटा, मिठागरात उभं राहून पायांना भेगा पडलेल्या. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर हरभऱ्याएवढी गाठ. साहेबानं खुर्चीतून न उठता, चिरुटाच्या धुरातून एक नजर टाकली.

"कॅन्सर," तो म्हणाला. "पापणी सगळी काढावी लागेल. कदाचित डोळाही. तिला सांग."

मी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याला सांग, पयला तुजा नाक काप. लय लांब आयलाय, सगल्यांच्या कामात खुपसतोस."

"काय म्हणते?" साहेबानं विचारलं.

"विचार करून कळवते म्हणते," मी म्हणालो.

माझी लबाडी तिनं ओळखली होती. दारापाशी थांबून तिनं आधी माझं पागोटं, मग वहाणा धुऊन काढल्या, आणि मग माझ्याकडे वळली. "आणि तू रं, पोपटा! त्यो बोलतो ते बोलतोस, मी बोलते ते गिलतोस?"

ती गेली. पण जाताना उजेड तिच्या तोंडावर पडला आणि मला दोन गोष्टी दिसल्या. गाठीच्या खालचे पापणीचे केस ओळीनं, एकही न गळता उभे होते. कॅन्सर असता तर त्यानं पहिला घास त्या केसांचा घेतला असता. तिथली कातडी चिघळली असती, खपली धरून रक्त आलं असतं. इथे कातडी अखंड, आणि तिच्यातून काहीतरी निळसर पांढरं दिसत होतं. मुंबईला शिकत असताना आमच्या गुरुजींच्या फळीवर एक बाटली होती. तिच्यात एका मुलाच्या भुवईतून काढलेला, दगडासारखा कडक, खडूसारखा गोळा होता. गुरुजी म्हणायचे, "निरुपद्रवी आहे, पण फार दुर्मिळ. जन्मात एखादा भेटेल. भेटला तर लोक त्याला भलतंच काहीतरी समजतील."

मी साहेबाला म्हणालो, "हा कॅन्सर वाटत नाही."

साहेबानं चिरूट तोंडातून काढला. तो क्वचितच काढी. "तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं? मग जा तिच्या गावात. मेली तर तिच्या माणसांना तोंड तू दे."

दयेपोटी गेलो असं मी मंडळींना सांगत असे. हल्ली सांगत नाही. मला ती गाठ हवी होती. माझ्या स्वतःच्या फळीवर, माझ्या स्वतःच्या बाटलीत.

ठाण्याच्या वेशीवरच्या खोपटपर्यंत टांगा मिळाला. पुढे माजिवड्याची भातशेतं ओलांडून खाडीच्या बांधावरून चालत गेलो. गाव दिसायच्या आधी गावची कुंपणं दिसली, आणि प्रत्येक कुंपणावर वाळत घातलेली लुगडी. लाल, हिरवी, काळी. पण सगळ्यांवर पांढरी पूड धरलेली. जणू गावातल्या बायकांनी पिठात लोळण घेतली होती. मला मौज वाटली. अर्थ नंतर कळला.

गावात शिरताच कुत्री आली. कुत्र्यांना कुणी आवरलं नाही; उलट एका ओटीवरून "यू, यू, धर!" असं ऐकू आलं. पाणी कुणी विचारलं नाही. मी त्या विधवेचं घर विचारलं.

"कंची?" एक उघडाबंब माणूस म्हणाला. "ती फितूर?"

हा तिचा दीर. धिप्पाड गडी, पण बसताना एका कुशीवर बसत होता. का, ते त्यानंच सांगितलं. त्याच्या सांगण्यात माझ्याबद्दल एकही बरा शब्द नव्हता, पण गोष्ट सगळी कळली.

मिठागरात राबायचं या लोकांनी आणि मीठ सगळं सरकारचं. मूठभर घरी नेलं तरी गुन्हा. म्हणून बायका संध्याकाळी लुगडं नेसल्या अंगानं खारट पाण्याच्या कोंडीत बसत, भिजून घरी येत, लुगडं गोड्या पाण्यात पिळत आणि ते पाणी आटवत. गावाचं वर्षाचं मीठ असं निघे. याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, अशी सगळ्या गावानं मारुतीसमोर शपथ घेतली होती. पितळी लोट्यात पाणी, त्यात मीठ, आणि प्रत्येकानं एक घोट घेऊन म्हणायचं: "फितूर झालो तर या मिठासारखा विरघळून जाईन, आणि हे मीठ माझ्या डोळ्यातून निघेल."

मग मिठाच्या खात्याचे शिपाई आले. त्यांनी घरं धुंडाळली, मडकी फोडली आणि या दिराला धरून ठाण्याला नेलं. तिथे वेताच्या छड्या बसल्या. म्हणून तो कुशीवर बसत होता. कुणीतरी चुगली केली होती. कोण?

"आनि मग हिचा डोला सुजायला लागला," तो म्हणाला. "मीठ निंगतंय बग."

तेव्हापासून तिला विहिरीवर येऊ देत नव्हते. मिठागरात तिच्या शेजारी कुणी उभं राहत नव्हतं. डोंबिवलीहून भावकीतले पंच यायचे होते. ते आले की तिला वाळीत टाकायचं की नाही हे ठरणार होतं. वाळीत म्हणजे विहीर नाही, विस्तव नाही, मेली तर खांदा नाही. शिवाय, पंचांसमोर तापल्या सुईनं ती गाठ फोडायची, असंही दिरानं ठरवून ठेवलं होतं. "मीठ निंगाला की झाला."

त्या कुंपणांवरची पांढरी लुगडी पाहून आंधळा शिपाईसुद्धा समजला असता. चुगली कुणा एकीनं कशाला करायला हवी? पण हे मी तिथे बोललो असतो तर कुत्री पुन्हा सोडली असती.

बाई घराच्या मागे भांडी घासत होती. मला पाहताच तिनं राखेचा हात उगारला.

"आयला पोपट! साहेबानं कात्री दिली काय रं?"

"बाई, फक्त बघायला आलो आहे."

"बगायला मी काय तमाशातली हाय?"

मला ती गाठ हलते का ते बघायचं होतं. हाडाला चिकटलेली गाठ वाईट. कातडीबरोबर सरकते ती बहुतेक निरुपद्रवी. पण हात लावू देईना. मग मला एक सुचलं. मी तिला चिडवायला लागलो.

"साहेब म्हणत होता, गावात तुझ्याइतकी भांडकुदळ दुसरी नाही."

तिनं डोळे वटारले. गाठ कातडीबरोबर वर सरकली. वा!

"दीर म्हणतो, तूच फितूर."

तिनं डोळे घट्ट मिटून दिराच्या सात पिढ्या काढल्या. गाठ खाली आली. हाडाशी काही संबंध नाही. माझा आनंद तोंडावर दिसला असावा, कारण तिनं एकदम विचारलं, "हसतोस कशाला?"

"तुम्ही चिडता तेव्हा गाठ नाचते," मी खरं सांगून टाकलं. "ती नाचते आहे तोवर तुमच्या जिवाला भय नाही."

तिनं राखेचा हात पुसला आणि अगदी पहिल्यांदा तोंड पुढे केलं. मी पापणी ताणली. ताणल्यावर गाठ तंबूच्या कापडाखालच्या खुंटीसारखी टोकं काढून उभी राहिली. नखानं टिचकी मारली. टक. दगड. कानापुढच्या गाठी चाचपल्या, सुजलेल्या नव्हत्या. गुरुजींची बाटली माझ्या डोळ्यासमोर लखलखली.

"कधीपासून आहे?"

"शपथ घेतली त्याच्या आधीपासून. मोहरीएवडी व्हती."

"मग पंचांना सांगा की!"

"रांडमुंडीच्या तोंडाकडं कोन बगतंय रं? बारीक व्हती तवा कुनी बगितली नाय, आता मोटी झाली तं सगली बगतात."

मी म्हणालो, मी काढून देतो. थोडं दुखेल, पण पापणी शाबूत राहील. तिनं अट घातली. "काप. पन हितं घरात नाय. मारुतीपुडं, पंचांसमोर, सगली असताना. मागनं म्हनतील, दागतरानं मीठ लपवला."

पंच आले त्या दिवशी मी हत्यारांची पेटी घेऊन हजर झालो. भर दुपारी मारुतीच्या पारावर सगळा गाव लोटला होता. असा प्रेक्षकवर्ग पुन्हा मिळाला नाही. पंचांमधला सगळ्यात म्हातारा डोंबिवलीचा. दात एकही नाही, पण तो तोंड उघडायला लागला की बाकीचे मिटत. दीर तापल्या सुईचा आग्रह धरून बसला. म्हातारा म्हणाला, "सुई काय नी सुरी काय. आत काय हाय ते बगू."

डोळ्यात कोकेनचे थेंब घातले. हे औषध तेव्हा नवीन आलं होतं. इस्पितळातून शिशी आणली होती आणि साहेबाला विचारलं नव्हतं. थोडं सुईनं कातडीखालीही घातलं. बाई उताणी पडून शेवटपर्यंत बोलत होती. मी चीर दिली तेव्हा ती दिराला सांगत होती की त्याच्या लग्नात भात कच्चा राहिला होता तो त्याच्याच पायगुणानं.

चीर दिली, दाबलं, आणि गाठ अलगद बाहेर आली. मी ती तळहातावर घेऊन उन्हात वर धरली. सांगायला लाज वाटते, पण मी ती सगळ्यांना दिसेल अशी फिरवून दाखवली.

पांढरी. खरबरीत. उन्हात कणाकणांनी चमकणारी.

गाव एका घशानं ओरडला, "मीठ!"

आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. गोळा पांढरा आणि कणीदार निघणार हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी त्याच आशेनं आलो होतो. पण मी तो गुरुजींच्या फळीवरून पाहिला होता, मिठागराच्या पारावरून नाही. माझं निदान शंभर टक्के बरोबर निघालं होतं, आणि त्यामुळेच ती वाळीत पडणार होती.

दीर उठून उभा राहिला. त्याचा चेहरा फुललेला नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्याला खरंच वाटत होतं. "बगा," तो म्हणाला. "डोल्यातून निंगाला. मना छड्या हिनं खाऊ घातल्या."

"हे मीठ नाही!" मी ओरडलो. "चुन्यासारखं आहे, शरीरात होतं कधी कधी!"

"चाख मग!" कुणीतरी ओरडलं.

"तू चाख!"

"तुजी वयनी हाय, तू चाख की रं!"

कुणी पुढे येईना. बाई पापणीवर कापसाचा बोळा धरून उठून बसली होती आणि प्रथमच काही बोलत नव्हती. मला त्याचीच भीती वाटली.

मी म्हणालो, "लोटा आणा. पाणी आणा. मीठ पाण्यात विरघळतं, हे तुम्हांला मी शिकवायला नको. आणि चिमूटभर खरं मीठ आणा, म्हणजे दोन्ही शेजारी टाकून बघू."

शपथेचा पितळी लोटा आला. पाणी आलं. मीठ मात्र येईना.

"मीठ? आमच्यात कुटला मीठ?" एक जण म्हणाला.

"आमच्यात नाय."

"आमी आलनी खातो."

मिठागराचा गाव, कुंपणांवर पांढरी लुगडी, आणि सरकारी माणसानं मागितल्यावर एका घरात चिमूटभर मीठ सापडेना! पाण्यात टाकायला मीठ नसेल तर माझा खडा न विरघळल्याचं महत्त्व काय? दीर म्हणालाच, "खडा मोटा हाय, पानी थंड हाय, म्हनून विरघलत नाय."

तेवढ्यात बाई उभी राहिली. एक हात डोळ्यावर तसाच. दुसऱ्या हातानं तिनं पदराची गाठ दातांनी सोडली आणि आत होतं ते माझ्या नाकासमोर धरलं. मीठ. बारीक, पांढरं, लुगड्यातून आटवलेलं.

"सरकारचा चाकर हायस नवं?" ती म्हणाली. "बग. सरकारचा मीठ. मी चोरलाय. जा, सांग जाऊन."

मी दिराकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. फितुराची झडती घ्यायला सगळा गाव जमला होता, आणि त्यात आपल्या घरात मीठ आहे असं म्हणायची छाती एकटीचीच झाली होती.

मी मीठ लोट्यात टाकलं, गोळा टाकला, आणि बोटानं पाणी ढवळलं. मीठ गेलं. गोळा तळाशी जसाच्या तसा. मी लोटा पंचांसमोर फिरवला. म्हाताऱ्यानं तो आपल्याकडे ओढून घेतला, आत बोट घातलं, गोळा चाचपला, पुन्हा चाचपला. मग तोंड उघडलं.

"फितूर व्हईल तो मिठासारखा विरघलंल, असा शबुद व्हता," तो म्हणाला. "हिचा मीठ विरघलला नाय. सगल्यांचा विरघलतो, हिचा नाय. हिचा शबुद दगडावानी."

"अहो, पण ते मीठच नाही!" मी म्हणालो. "म्हणूनच विरघळलं नाही! चुना आहे, चुना—"

"मीठ नाय कसा?" म्हातारा माझ्यावर खेकसला. "डोल्यातून निंगाला, पांढरा हाय, आनि मीठ नाय? दागतर हायस का कोन?"

मी पुन्हा तोंड उघडलं. बाईनं माझ्या पोटरीला असा चिमटा काढला की मी तसाच मिटलो.

"गप बस की रं," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "तुजा खरा झायला तं मना काय मिलनार?"

मग तिनं म्हाताऱ्याच्या हातून लोटा घेतला आणि तोंडाला लावला. मिठाचं पाणी, माझं ढवळलेलं बोट, तिच्याच पापणीतून निघालेलं सगळं, घटाघट शेवटपर्यंत. शेवटच्या घोटाला गोळा तिच्या दातांत अडला. तो तळहातावर थुंकून तिनं दिरापुढे धरला.

"घे. आता तू चाख."

दीर एक पाऊल मागे सरला. तिनं हात तसाच पुढे ठेवला. शेवटी तो वळला, तिच्या ओटीवरचा रिकामा हंडा उचलून विहिरीवर गेला, भरून आणला आणि तिच्या दारात ठेवला. पंचांनी ते पाहिलं आणि उठले. डोंबिवलीच्या म्हाताऱ्यानं जाताना मला सांगितलं की, पुढच्या वेळी मुकाट्यानं कापत जा.

गर्दी पांगल्यावर मी तिला टाका घातला आणि लाडीगोडी लावून गोळा मागितला. पेटीत बाटली तयार होती. तिनं तो पदरात, मिठाच्याच जागी, गाठ मारून ठेवला. "माज्या डोल्यातला हाय. तुजा काय संबंद?"

साहेबानं शिशीबद्दल मला फैलावर घेतलं आणि माझ्या निदानावर काडीचा विश्वास ठेवला नाही. दाखवायला माझ्याजवळ काय होतं? पुढे जखम बरी झाल्यावर ती इस्पितळात आली, साहेबाच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि एक डोळा मिटून, पापणीचे केस त्याला दाखवून, काही न बोलता निघून गेली. तो एवढंच म्हणाला, "या बाईला काय हवं होतं?" मी म्हणालो, "काही नाही, विचार करून कळवायला आली होती."

गेल्या वर्षी कल्याणच्या बाजारात आवाज ओळखीचा वाटला. सुक्या मासळीची टोपली पुढे घेऊन ती बसली होती, आणि वजनावरून एका गिऱ्हाइकाशी तंटा रंगला होता. "मी खोटा बोलते?" म्हणून तिनं पदराची गाठ सोडली, पांढरा खडा काढला आणि शेजारणीच्या लोट्यात टाकला. "बग! विरघलतो काय? बग नीट!" गिऱ्हाईक बिचारं घाबरून निघून गेलं. तिनं खडा पाण्यातून काढला, पुसला आणि मान वर केली.

"काय रं पोपटा," ती म्हणाली, "अजून जिता?"

मी नम्रपणे पुन्हा विचारलं. खडा देणार का?

"मी मेल्यावर ये."

माझी बाटली अजून रिकामी आहे. बाई ठणठणीत आहे.